त्र्यंबक–अंजनेरी डोंगररांगेतील पर्यटन

त्र्यंबक–अंजनेरी डोंगररांग ही महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीची एक उपरांग आहे. तीर्थयात्रा, दुर्गभ्रमण, पुरातत्त्व आणि निसर्गनिरीक्षण या चारही अंगांनी ती महत्त्वाची मानली जाते. गोदावरीचा उगम असलेला ब्रह्मगिरी, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले त्र्यंबकेश्वर, हनुमानाचे जन्मस्थान म्हणून पूजला जाणारा अंजनेरी पर्वत, हरिहर व भास्करगड हे किल्ले आणि रांगेच्या पूर्व टोकाची पांडवलेणी ही येथील प्रमुख आकर्षणे होत. नाशिक शहरापासून त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटर अंतरावर असल्याने बहुतेक स्थळे एका दिवसात पाहून परतता येतात. वाढती गर्दी, प्रस्तावित रस्ते व रोपवे आणि उगमाजवळच झालेली गोदावरीची दुरवस्था यांमुळे हा परिसर पर्यावरणविषयक चर्चेचाही विषय ठरला आहे.

भौगोलिक स्थान

ही रांग त्र्यंबकजवळ सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून निघून पूर्वेस नाशिककडे जाते. संपूर्ण रांग दख्खनच्या बेसाल्ट खडकाची असून उभे कडे, मधले सपाट पठार आणि पुन्हा कडा अशी तिची ठेवण आहे. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी हे दोन्ही पर्वत समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहेत.

त्र्यंबकचा परिसर हा मोठा जलविभाजक आहे. येथे उगम पावणारी वैतरणा पश्चिमेकडे वाहत अरबी समुद्रास मिळते. तर अरबी समुद्र तुलनेने जवळ असूनही गोदावरी पूर्वेकडे वळून सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते व बंगालच्या उपसागरास मिळते. घाटमाथ्यालगत असल्यामुळे त्र्यंबकला नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. तथापि कठीण खडक आणि तीव्र उतार यांमुळे पाणी मुरत नाही, ते वाहून जाते. परिणामी डोंगरातील अनेक वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाईस तोंड द्यावे लागते.

तीर्थस्थळे

त्र्यंबकेश्वर मंदिर

विद्यमान मंदिर तिसरे पेशवे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांनी बांधविले. १७५५ साली सुरू झालेले हे काम १७८६ पर्यंत चालल्याचे सांगितले जाते. मंदिर काळ्या पाषाणाचे असून त्याची शिखररचना व भिंतींवरील शिल्पकाम पाहण्याजोगे आहे. गर्भगृहातील शाळुंकेच्या खळग्यात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची प्रतीके मानली जाणारी अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. नारायणनागबळी, त्रिपिंडी श्राद्ध इत्यादी विधींसाठी देशभरातून यजमान येथे येतात. तीर्थोपाध्यायांकडील नामावळीच्या वह्यांत यात्रेकरूंच्या घराण्यांच्या पिढ्यांच्या नोंदी असतात. आपले गाव व आडनाव सांगून पूर्वजांच्या नोंदी पाहणे, हा अनेक कुटुंबांच्या यात्रेचा भाग असतो.

कुशावर्त

गौतम ऋषींनी कुश नावाच्या गवताने गोदावरीचा प्रवाह येथे अडविला, अशी कथा आहे. अठराव्या शतकात बांधलेल्या या कुंडाभोवती दगडी ओवऱ्या आहेत. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत असताना भरणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यात शैव आखाड्यांचे स्नान कुशावर्तावर, तर वैष्णव आखाड्यांचे स्नान नाशिकच्या रामकुंडावर होते. यापूर्वीचे सिंहस्थ २००३ व २०१५ साली झाले; त्यानंतरचे २०२७ मध्ये येते.

निवृत्तिनाथ समाधी

ज्ञानेश्वरांचे ज्येष्ठ बंधू व गुरू संत निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. ब्रह्मगिरीवरील गुहेत गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला, असे वारकरी परंपरा मानते. पौष वद्य एकादशीस येथे मोठी यात्रा भरते आणि नाशिक, नगर व आसपासच्या भागांतून दिंड्या पायी येतात. आषाढी वारीसाठी निवृत्तिनाथांची पालखी येथूनच पंढरपूरला प्रस्थान ठेवते. शिवक्षेत्र आणि वारकरी क्षेत्र या दोन्ही नात्यांनी लोक येथे येतात, हे त्र्यंबकेश्वराचे वैशिष्ट्य होय.

ब्रह्मगिरी, गंगाद्वार आणि प्रदक्षिणा

गावातून निघालेली पायऱ्यांची वाट पुढे दुभंगते. एक वाट गंगाद्वाराकडे, तर दुसरी ब्रह्मगिरीच्या माथ्यावरील मूळगंगेच्या स्थानाकडे जाते. माथ्यावर उगम पावलेली गोदावरी लुप्त होऊन प्रथम गंगाद्वारी व नंतर कुशावर्तात प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. श्रावण महिन्यात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करण्यासाठी प्रचंड गर्दी होते. रात्री निघून पहाटेपर्यंत पायी चालण्याचा अनेकांचा प्रघात आहे. वाट चिखलाची व ओढ्यांची असल्याने एरवीच्या दिवशी जाणे नवख्यांना सोयीचे ठरते.

किल्ले आणि गिरिभ्रमण

त्र्यंबकगड व दुर्गभांडार

ब्रह्मगिरी हाच त्र्यंबकगड. ‘मेटघर किल्ला’ या गावाच्या नावात, तसेच सुपलीची मेट यांसारख्या वस्त्यांच्या नावांत किल्ल्याची स्मृती टिकून आहे. ‘मेट’ म्हणजे गडाच्या वाटेवरील पहाऱ्याची चौकी. माथ्याच्या एका टोकास असलेल्या दुर्गभांडार या जोडकिल्ल्याकडे जाण्यासाठी कातळात खोल खोदलेला जिना उतरून एक अरुंद नैसर्गिक सेतू ओलांडावा लागतो. दोन्ही बाजूंस खोल दरी असल्याने पावसात व जोरदार वाऱ्यात ही वाट धोकादायक ठरते.

हरिहर

हर्षगड या नावानेही ओळखला जाणारा हा किल्ला हर्षेवाडी व निरगुडपाडा या दोन्ही बाजूंनी गाठता येतो. जवळजवळ उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या हे त्याचे वैशिष्ट्य. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हाताच्या पकडीसाठी खोबणी आहेत. १६३६ साली शहाजीराजांना त्र्यंबकगडाबरोबर हा किल्लाही मोगलांना द्यावा लागला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी तो स्वराज्यात आणला आणि १८१८ मध्ये तो ब्रिटिशांकडे गेला. चढण्या-उतरण्यासाठी पायऱ्यांची एकच अरुंद वाट असल्याने सुट्टीच्या दिवशी तेथे कोंडी होते. त्यामुळे वन विभाग वेळोवेळी पर्यटकांच्या संख्येवर निर्बंध घालतो. शेजारचा भास्करगड ऊर्फ बसगड हा त्या मानाने निवांत आहे.

अंजनेरी

त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी गावातून चढाई सुरू होते. वाटेत जैन लेणे, पहिल्या पठारावर अंजनीमातेचे मंदिर व तळे आणि माथ्यावर पुन्हा अंजनीमातेचे स्थान लागते. हनुमानाचा जन्म येथेच झाला, अशी स्थानिक श्रद्धा आहे. कर्नाटकातील हंपीजवळचा अंजनाद्री आणि देशातील अन्य काही स्थळांविषयीही तशीच श्रद्धा आढळते. चढाई हरिहरपेक्षा सोपी असल्याने कुटुंबांना व विद्यार्थ्यांच्या सहलींना हा डोंगर योग्य मानला जातो.

पुरावशेष आणि संग्रहालय

अंजनेरी गावात मध्ययुगीन जैन व हिंदू मंदिरांचा समूह भग्नावस्थेत उभा असून तो राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षित आहे. शके १०६३ मधील तेथील शिलालेखात यादव राजा सेउणचंद्र याने चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरास दिलेल्या दानाची नोंद आहे. त्यापूर्वीचे, आठव्या शतकाच्या आरंभीचे भोगशक्ती या राजाचे ताम्रपटही अंजनेरी येथे सापडले आहेत. आज छोटे खेडे असलेले हे ठिकाण एके काळी संपन्न नगर होते, असे या पुराव्यांवरून दिसते.

याच गावाजवळ भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. १९८० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत नाणेशास्त्रज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोठा वाटा होता. संस्थेच्या संग्रहालयात नाण्यांचा इतिहास आहत नाण्यांपासून क्रमवार समजून घेता येतो.

रांगेच्या पूर्व टोकास, नाशिक शहरालगत, त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी हा २४ बौद्ध लेण्यांचा समूह आहे. पांडवांचे नाव लोकप्रचारातून आले असून लेण्यांशी त्यांचा ऐतिहासिक संबंध नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचे वर्णन केले आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत. परस्परांशी लढलेल्या या दोन घराण्यांचे लेख एकाच डोंगरावर वाचावयास मिळणे, हे या स्थळाचे मोठे महत्त्व होय. पायथ्याशी भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला.

निसर्गनिरीक्षण

अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांतून पोटात गेल्याने देशभरातील गिधाडे मोठ्या प्रमाणावर मृत्युमुखी पडली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालण्यात आली. हरसूलजवळील खोरीपाडा येथे गिधाडांना सुरक्षित अन्न मिळावे म्हणून ‘गिधाड उपाहारगृह’ चालविले जाते. औषधाचा अंश नसलेली मृत जनावरे तेथे ठेवली जातात. हिवाळ्यात, म्हणजे गिधाडांच्या विणीच्या काळात, कड्यांजवळ गोंगाट करणे किंवा ड्रोन उडविणे टाळणे आवश्यक आहे.

अंजनेरीच्या पठारावर आढळणाऱ्या ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या कंदीलपुष्पाच्या प्रजातीचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या शास्त्रीय नावात या पर्वताचेच नाव आहे. पावसाळ्यात फुलणारी ही वनस्पती अत्यंत दुर्मीळ असून फुले तोडल्यास किंवा कंद उकरल्यास ती त्या जागेवरून नाहीशी होण्याची भीती असते. २०१७ मध्ये अंजनेरीस संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

धबधबे, जलाशय आणि द्राक्षबागा

पावसाळ्यात त्र्यंबक–जव्हार रस्त्याच्या परिसरात असंख्य धबधबे वाहू लागतात. त्यांपैकी दुगारवाडीचा धबधबा सर्वांत प्रसिद्ध आहे. तेथे पोहोचण्यासाठी ओढा ओलांडून दरीत उतरावे लागते. वरच्या डोंगरात पाऊस झाल्यास ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते, खाली मात्र त्याची चाहूल लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अशाच पुरामुळे पर्यटक पलीकडे अडकले होते.

नाशिकजवळ गोदावरीवर १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण हे मातीचे धरण असून शहराच्या पाणीपुरवठ्याचा तो मुख्य आधार आहे. जलाशयाकाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान व बोट क्लब आहे. धरण परिसरात द्राक्षबागा व वायनरी आहेत. १९९९ साली स्थापन झालेल्या सुला विनयार्ड्सनंतर येथे वाईन पर्यटन रुजले. द्राक्षतोडणीच्या हंगामात, साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात, बागा व निर्मितीची प्रक्रिया पाहता येते.

लोकजीवन

परिसरात महादेव कोळी, ठाकर, कोकणा व वारली या आदिवासी समाजांची वस्ती आहे. भात, नागली व वरई ही डोंगरउतारांवरील मुख्य पिके होत. चैत्र-वैशाखात अनेक गावांत बोहाडा होतो. देव-दैत्यांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर रात्रभर सोंगे नाचविली जातात. बोहाडा हा ग्रामदैवताचा उत्सव आहे, पर्यटकांसाठीचा कार्यक्रम नव्हे. म्हणून गावकऱ्यांच्या अनुमतीनेच तेथे उपस्थित राहणे व छायाचित्रे घेणे उचित ठरते. गडांच्या पायथ्याच्या गावांत पूर्वसूचना दिल्यास नागलीची भाकरी, पिठले व ठेचा असे घरगुती जेवण मिळते. त्यातून त्या कुटुंबांना थोडेफार उत्पन्नही होते.

ऋतू आणि प्रवास

जून ते सप्टेंबर हा काळ धबधबे व हिरवाईचा असला, तरी धुके व निसरड्या वाटांमुळे गडचढाईस जोखमीचा असतो. रानफुलांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, किल्ल्यांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी आणि लेणी व संग्रहालयासाठी कोणताही ऋतू अनुकूल आहे. महाशिवरात्री, श्रावणी सोमवार आणि पौषातील यात्रा या दिवसांत दर्शनास बराच वेळ लागतो.

नाशिकरोड हे जवळचे मोठे रेल्वे स्थानक, तर ओझर हा जवळचा विमानतळ आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरसाठी राज्य परिवहन मंडळाच्या तसेच सिटीलिंक या शहर बससेवेच्या गाड्या आहेत. अंजनेरी याच मार्गावर येते. हरिहर व दुगारवाडीसाठी स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन सोयीचे पडते. त्र्यंबकेश्वरी धर्मशाळा, भक्तनिवास व हॉटेले आहेत.

पर्यावरणीय प्रश्न

अंजनेरी पर्वतावर रस्ता नेण्याच्या, तसेच अंजनेरी व ब्रह्मगिरी यांना जोडणारा रोपवे उभारण्याच्या प्रस्तावांना पर्यावरण अभ्यासकांनी व स्थानिक संस्थांनी विरोध केला आहे. गिधाडांची घरटी व दुर्मीळ वनस्पतींचा अधिवास यांना धोका पोहोचेल, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. वृद्ध व अपंग भाविकांची सोय आणि स्थानिकांना मिळणारा रोजगार, ही समर्थकांची बाजू आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननाविरुद्धही २०२१ मध्ये आंदोलने झाली. डोंगर पोखरल्यास झरे आटतील आणि दरडी कोसळतील, असे आंदोलकांचे म्हणणे होते.

त्र्यंबक गावात गोदावरीचे पात्र काही भागांत काँक्रीटच्या स्लॅबखाली झाकले गेले आहे. ते मोकळे करण्याचा आणि सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेला. ज्या नदीच्या दर्शनासाठी भाविक येतात, तिचा प्रवाह उगमानजीकच्या गावातच दृष्टीआड झाल्याने पर्यटनाच्या मर्यादेचा प्रश्न येथे ठळकपणे उभा राहतो. किल्ल्यांवर प्लॅस्टिक न नेणे, कुंडात निर्माल्य व वस्त्रे न सोडणे, ठरलेल्या पायवाटेवरूनच चालणे आणि स्थानिक वाटाड्याची सोबत घेणे, या साध्या पथ्यांचा आग्रह गिर्यारोहण संस्था व वन विभाग धरतात.

हे सुद्धा पहा

• त्र्यंबकेश्वर
• गोदावरी नदी
• अंजनेरी
• हरिहर किल्ला
• पांडवलेणी
• सिंहस्थ कुंभमेळा