दोन भिंतींमध्ये अडकलेला आवाज

आजचा इतिहास राजाचा नाही की लढाईचा नाही. आज भिंतीचा इतिहास.

चांदवड म्हटलं की होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामाता आठवते. पण इथूनच मुंबई-आग्रा महामार्गही जातो. आपल्याकडे 2000 च्या नियमांनुसार राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. हायवेकाठी ती पाळायची कशी? कुणीही पटकन म्हणेल, दोन्ही बाजूंना भिंती घाला. थांबा, इथेच गंमत आहे.

1968 मध्ये जपानच्या कोबे विद्यापीठातल्या माएकावांनी एका भिंतीचा हिशोब मांडला. आवाज भिंतीवरून वळून येतो. सरळ वाटेपेक्षा ही वळणाची वाट जितकी लांब, तितका आवाज कमी. एका आलेखात सगळं बसलं, आणि जगभरचे इंजिनिअर तो वापरू लागले.

पण समोर दुसरी भिंत आली की आवाज तिच्यावर आपटून परत येतो. आरशासमोर आरसा ठेवल्यासारखं. दर टप्प्याला जणू आणखी लांब एक नवा ट्रक उभा राहतो, आणि लांबच्या ट्रकचा आवाज भिंतीवरून फारसं न वळता पलीकडे जातो. म्हणजे दुसरी भिंत पहिलीचंच काम बिघडवते!

अमेरिकेच्या महामार्ग खात्याचा यावर सोपा ठोकताळा आहे: दोन भिंतींमधलं अंतर उंचीच्या 10 पटींहून कमी असेल, तर 3 डेसिबल किंवा त्याहून जास्त फायदा हातचा जाऊ शकतो. 3 डेसिबल म्हणजे रस्त्यावरची वाहनं दुप्पट झाल्यासारखं. 1998 साली आलेल्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये या दुहेरी भिंतींसाठी वेगळा भागच ठेवावा लागला. कोड लिहिणारा म्हणून मला हे फार पटतं: मूळ फॉर्म्युला बरोबर होता, पण तो एकाच भिंतीचा होता.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे नागपूर-सिवनी महामार्ग. पेंचच्या जंगलात प्राण्यांना त्रास नको म्हणून तिथे दोन्ही बाजूंना अडथळे उभारलेत. समजा, भिंती 4 मीटर उंच आणि मधलं अंतर 24 मीटर. गुणोत्तर आलं 6. म्हणजे धोक्याच्या हद्दीत.

यावर उपाय आहेत. आतल्या बाजूला आवाज शोषणारं अस्तर लावा, किंवा भिंती थोड्या बाहेर कलवा, म्हणजे आवाज आकाशाकडे जाईल. उद्या तुमच्या गावात अशी भिंत येणार असेल, तर ग्रामसभेत उंचीबरोबर हेही विचारा: "आतून अस्तर आहे का?"