माफ करायचं, पण कुणाला?

गुन्हेगार तुरुंगात गेला की सोसणाऱ्याचं मन शांत होतं, असं आपण धरून चालतो. दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरून पाहिली. तिथलं गोऱ्यांचं राज्य १९९४ साली संपलं. मग सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते आर्चबिशप डेस्मंड टुटू. राजकारणापायी ज्याने गुन्हा केला त्याने सगळं खरं सांगितलं, तर माफी मिळू शकत होती. आणि ज्यांनी सोसलं, त्यांना सगळ्यांसमोर बोलायला मिळणार होतं.

एप्रिल १९९६ मध्ये तिथल्या ईस्ट लंडन शहरात पहिली सुनावणी झाली. नोमोंडे कलाटा बोलायला आल्या. जून १९८५ मध्ये त्यांचे पती फोर्ट कलाटा आणि तीन साथीदारांना पोलिसांनी मारलं होतं. नोमोंडे तेव्हा गरोदर होत्या. गाडी जळाली हे घरी कळलं ते पेपरातल्या फोटोवरून! सांगता सांगता त्यांनी असा हंबरडा फोडला की कामकाज थांबवावं लागलं. सभा पुन्हा भरली तेव्हा टुटूंनी शोकाचं गाणं सुरू केलं, सगळ्यांनी साथ दिली. अकरा वर्षांचं रडणं पहिल्यांदाच सरकारदरबारी ऐकलं गेलं.

म्हणून दुखणं गेलं का? काहींचं मन हलकं झालं. पण २००१ साली एक अभ्यास छापून आला. आयोगापुढे बोललेले आणि न बोललेले यांच्यातल्या नैराश्यात, भीतीच्या आजारात फारसा फरक दिसला नव्हता. आम्हाला याचं नवल वाटलं नाही. बाळंतिणीला एकदाच शेक देऊन भागतं का?

आणखी एक. पुष्कळ बायका नवऱ्याचं, मुलाचं सांगायच्या. स्वतःवर काय गुदरलं ते गिळायच्या. हे लक्षात आणून दिल्यावर बायकांसाठी वेगळ्या सुनावण्या ठेवल्या गेल्या. आपल्या बैठकीत तरी दुसरं काय होतं?

त्या चौघांपैकी एकाची मुलगीही त्याच सुनावणीत बोलली. माफ करायची तयारी आहे, पण कुणाला करायचं तेच ठाऊक नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुढे मारेकरी पोलीस माफी मागायला आयोगापुढे आले. पण त्यांनी सगळं खरं सांगितलं नाही, म्हणून १९९९ मध्ये त्यांना माफी नाकारली गेली. त्यानंतर खटला भरायला हवा होता. तो वर्षानुवर्षं भरलाच गेला नाही. नोमोंडेंच्या पोटातलं ते बाळ तोवर मोठं झालं होतं.