राजी नसतानाचा राजीनामा

कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठात कुणी पद सोडलं, तर कन्नड माणूस त्याला ‘राजीनामे’ म्हणेल, मराठी ‘राजीनामा’ आणि उर्दूवाला ‘इस्तीफा’. अरबी ‘राजी’ म्हणजे संमत, फारसी ‘नामा’ म्हणजे लेख. मुळात हा संमतीचा कागद. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टकचेरीत आजही तडजोडीला राजीनामाच म्हणतात. मुंबई इलाख्यात जमिनीवरचा हक्क सोडणारा शेतकरी राजीनामा लिहून द्यायचा, नवा धारक कबुलायत. जमिनीचा हा शब्द पुढे खुर्चीलाही चिकटला असावा. इस्तीफा मात्र ‘माफी’च्याच धातूतला: मला यातून माफ करा! मला हा जास्त प्रामाणिक वाटतो.

चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, तो राजीखुशीचा मामला. कलबुर्गी जिल्ह्यातल्याच चिंचोळीचे, कर्नाटकचे मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील यांचं तसं नव्हतं. १९९०मध्ये ते आजारी असताना काँग्रेस अध्यक्ष राजीव गांधींनी बंगळूरच्या विमानतळावरच मुख्यमंत्री बदलणार असल्याचं जाहीर करून टाकलं. अशा वेळी बातमीत ‘पायउतार’ बरा. घोड्यावरून स्वतः उतरले की कुणी ओढलं, हे तो सांगत नाही. पण राजी होते, असंही म्हणत नाही.