रँस : कुपीतले तेल आणि राजत्वाची कथा

पॅरिसहून वेगवान आगगाडीने निघाले की पाऊण तासात रँसला पोहोचता येते. इंग्रजी पुस्तकांतून हे शहर आपल्याला 'रीम्स' म्हणून ठाऊक असते. बहुतेक प्रवासी येथे शॅम्पेनची तळघरे पाहण्यासाठी येतात. मला ओढ होती ती तेथील नोत्र-दाम कॅथीड्रलची. १२१० च्या आगीत जुने चर्च जळाले आणि पुढच्याच वर्षी या वास्तूची उभारणी सुरू झाली. पश्चिमेकडील दर्शनी भागावर, खूप उंचावर, राजांच्या ५६ मूर्तींची रांग आहे. तिच्या मधोमध कुणी सिंहासनाधीश नाही. कुंडात उभा राहून बाप्तिस्मा घेणारा फ्रँकांचा राजा क्लोव्हिस आहे. राजांच्या मालिकेचे केंद्रस्थान एका धर्मविधीला का मिळावे? या प्रश्नाच्या उत्तरातच रँसचा मध्ययुगीन इतिहास सामावला आहे.

पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी बिशप रेमी याने क्लोव्हिसला रँस येथे बाप्तिस्मा दिला, असे परंपरा मानते. त्यानंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी हिंक्मार नावाच्या आर्चबिशपने रेमीचे चरित्र लिहिले. गर्दीमुळे पवित्र तेल घेऊन येणारा सेवक कुंडापर्यंत पोहोचू शकला नाही, तेव्हा आकाशातून एक कबुतर तेलाची कुपी चोचीत घेऊन उतरले, ही कथा त्यात येते. हिंक्मारचा हेतू ओळखणे अवघड नाही. ज्या धर्मपीठाचा तो प्रमुख होता, त्याचे महत्त्व इतर पीठांहून मोठे ठरवायचे होते. ८६९ साली मेत्स येथे टकल्या शार्लचा अभिषेक करताना त्याने या स्वर्गीय तेलाचा दाखला दिलाही होता. वस्तुतः क्लोव्हिसला मिळाला तो बाप्तिस्मा. राजा म्हणून त्याला कुणी अभिषेक केल्याचा पुरावा नाही. अभिषेक झालेला पहिला फ्रँक राजा पेपिन, तोही ७५१ साली, आणि रँसमध्ये नव्हे.

म्हणजे ही कथा रचलेली आहे. इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबू शकतो. पण थांबला तर त्याच्या हाती फारच थोडे लागेल. कारण खरा इतिहास या कथेनंतर सुरू होतो.

येथे एक भाषिक बाब ध्यानात घ्यावी. फ्रेंचमध्ये या सोहळ्याला 'साक्र' म्हणतात. इंग्रजीतला रूढ शब्द मुकुटावर भर देतो. 'साक्र'मध्ये भर आहे तो पवित्र करण्यावर. आपला 'अभिषेक' हा शब्द या अर्थाच्या अधिक जवळ जातो. मुकुट राजाच्या डोक्यावर चढतो, तेल त्याच्या देहात मुरते, असा हा भेद आहे. या तेलामुळे राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात, ही समजूतही दृढ झाली. मार्क ब्लॉक या इतिहासकाराने १९२४ साली याच समजुतीवर ग्रंथ लिहिला. राजाच्या स्पर्शाने रोगी बरे होत होते का, यापेक्षा इतक्या पिढ्यांचा त्यावर विश्वास कसा बसला, हा प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटला.

या विश्वासाचे बळ १४२९ साली दिसून आले. १४२० च्या त्र्वा येथील तहाने सातव्या शार्लचा वारसाहक्क काढून घेतला होता. पॅरिस इंग्रज आणि बर्गंडीवाल्यांच्या ताब्यात होते. तरीही जोन ऑफ आर्कने त्याला शत्रूच्या मुलखातून रँसला नेण्याचा आग्रह धरला आणि अभिषेक होईपर्यंत ती त्याला युवराजच म्हणत राहिली. १७ जुलैला अभिषेक झाला. परंपरागत मुकुट आणि तलवार सें-दनीच्या मठात, शत्रूच्या कब्जात होती. कसाबसा दुसरा मुकुट मिळवावा लागला. पण तेल रँसमध्ये होते आणि तेवढे पुरे झाले. इंग्रजांनी १४३१ मध्ये आपल्या सहाव्या हेन्रीला पॅरिसमध्ये मुकुट चढवला. त्याला मात्र ती मान्यता लाभली नाही. चौथ्या आंरीच्या वेळी, १५९४ साली, रँस विरोधकांकडे असल्याने सोहळा शार्त्रला झाला. तेव्हाही तूर येथील मठातून दुसरे दैवी तेल मागवले गेले. साध्या तेलावर भागवण्याचे धाडस कुणी केले नाही.

क्रांतीनेही या कथेची ताकद ओळखली होती. ७ ऑक्टोबर १७९३ रोजी कन्व्हेन्शनचा प्रतिनिधी फिलिप र्‍यूल याने ती कुपी रँसच्या चौकात, पंधराव्या लुईच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर, सर्वांसमक्ष फोडली. कुपी निव्वळ काच असती तर तिला जाहीर शिक्षा देण्याचे कारण काय होते? वाचवलेल्या अवशेषांच्या आधारे १८२५ साली दहाव्या शार्लने पुन्हा अभिषेक करवून घेतला, पण पाच वर्षांतच त्याला गादी सोडावी लागली. शब्द तेच होते, विधी तोच होता. ऐकणारा समाज मात्र बदलला होता. रँसमधला तो शेवटचा अभिषेक.

राजे गेले, तरी वास्तूचा अर्थ संपला नाही. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात तिचे छप्पर जळाले आणि दारावरच्या हसऱ्या देवदूताचे शिर खाली कोसळले. तुकडे जोडून ते पुढे १९२६ मध्ये पुन्हा बसवण्यात आले. जुने लाकडी छप्पर गेले, त्या जागी वास्तुविशारद आंरी दनो याने सिमेंट-काँक्रीटचे छप्पर उभारले. ८ जुलै १९६२ रोजी याच कॅथीड्रलमध्ये द गॉल आणि आडेनाउअर एकत्र प्रार्थनेला बसले. राजाला राजत्व देणाऱ्या स्थळाने आता दोन राष्ट्रांच्या समेटाला साक्ष दिली.

निघताना मी पुन्हा त्या देवदूतापाशी थांबलो. ते हसू तेराव्या शतकातले म्हणावे की विसाव्या, असा प्रश्न पडला. हिंक्मारच्या कथेबाबतही तेच म्हणावे लागेल. ती खोटी होती, हे सिद्ध करण्याने अभ्यासकाचे निम्मेच काम होते. तिच्यासाठी माणसे काय काय करण्यास तयार झाली, हे समजून घेणे हे उरलेले निम्मे काम आहे, आणि तेच अधिक कठीण आहे.