‘समजला’ आणि ‘समजून’

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरात मी वाढलो. मराठी शाळेत पहिलीला ‘करतो’ हा शब्द मी क-र-तो असा वाचला आणि वर्ग हसला. गुरुजींनी दुरुस्त केलं; कारण सांगितलं नाही. तेलुगूत अक्षरातला ‘अ’ गिळत नाहीत, हे मला फार उशिरा उमगलं.

मराठीत गिळतात, पण कुठे ते क्रियापदाचं रूप ठरवतं. ‘समजला’ फोडा: स-मज्-ला. ‘समजून’ मात्र सम्-जून. ‘ला’ व्यंजनाने सुरू होतो, ‘ऊन’ स्वराने. तेवढ्याने तुटण्याची जागा सरकते. लिपीत खूण नाही. इटालियनमध्येही अशी गंमत आहे. ‘पार्लानो’ म्हणजे ‘ते बोलतात’, जोर ‘पार्’वर. ‘आम्ही बोलतो’ म्हणताना ‘पार्लिआमो’, आणि जोर ‘आ’वर. लिहिण्यात तो दाखवत नाहीत. परका हमखास फसतो.

पुढे फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ हाती आलं. १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलेला हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ. मी पाहिली ती १९०७ ची मंगळुरूची आवृत्ती. रोमनमध्ये स्वर लिहावाच लागतो, आणि तिथे शब्दाच्या शेवटचा ‘अ’सुद्धा छापलेला! ओवी गायची असते, आणि गाताना तो लागतो.

आमच्या शेजारच्या मराठी आजी श्रावणात ‘हरिविजय’ लावत. त्याही एकेक ‘अ’ पुरा म्हणत. त्यांना कधी कुणी हसल्याचं मला आठवत नाही.