बीएस-६ ट्रक : युरियाची टाकी, सेन्सर आणि गाडीमालकाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गाडीमालकाची दहाचाकी भिवंडीहून मालेगावला सूत घेऊन निघाली होती. कसारा घाट लागला आणि गाडीने दम सोडला. इंजिन चालू, टाकीत डिझेल भरपूर, कुठून वेगळा आवाज नाही, धूरही नाही. फक्त ओढ नाही. ड्रायव्हरने जवळचा मिस्त्री बोलावला. त्याने डिझेल फिल्टर खोलला, लाइनमधली हवा काढली, तरी गाडी तशीच. दुसऱ्या दिवशी स्कॅनर लावणारा माणूस आला तेव्हा कळलं की दोन दिवसांपूर्वी रस्त्याकडेच्या एका ठिकाणी स्वस्तात भरलेलं सुटं ‘युरियाचं पाणी’ खराब होतं. सेन्सरने ते ओळखलं आणि कॉम्प्युटरने इंजिनची ताकद कमी केली. म्हणजे गाडी बिघडली नव्हती, तिला जसं बनवलंय तशीच ती वागली. पण मालकाची ट्रिप गेली, टोचनचा खर्च झाला आणि व्यापाऱ्याची बोलणीही खावी लागली.

आपल्या समाजातली कितीतरी घरं ट्रकवर चालतात. कुणाच्या एक-दोन गाड्या आहेत, कुणी ड्रायव्हर आहे, कुणाचं गॅरेज, कुणाचं टायरचं दुकान, कुणाचं बॉडी बांधण्याचं काम. नव्या गाड्यांबद्दल या मंडळींकडून दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही म्हणतात, गाडी कमी डिझेल खाते, वर्षभर गॅरेज बघत नाही. काही म्हणतात, नुसती डोकेदुखी, जुनी गाडीच बरी. आमच्या मते दोघंही खरं बोलतात. फरक बहुतेक वेळा गाडी कशी सांभाळली जाते यात असतो.

२०२० नंतर काय बदललं

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. आपण बीएस-४ वरून थेट ६ वर आलो, मधली पायरी गाळली. अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमच्या आसपास आली. डिझेलमधलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आणलं गेलं. एवढा कमी धूर केवळ इंजिन सुधारून साधत नाही. म्हणून सायलेन्सरच्या जागी जवळपास एक छोटा रासायनिक कारखानाच बसला. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. गाडी प्रयोगशाळेत पास होऊन भागत नाही, प्रत्यक्ष रस्त्यावर ती किती धूर सोडते हेही आता मोजलं जातं, आणि धूर आवरणारी यंत्रणा नीट चालतेय का यावर गाडीतलाच कॉम्प्युटर नजर ठेवतो.

इंजिनातला मोठा बदल मात्र आधीच सुरू झाला होता. जुन्या गाड्यांत पंप यांत्रिक होता. उस्ताद पाना घेऊन टायमिंग बसवायचे, पंपरूममध्ये कॅलिब्रेशन व्हायचं, कानाने इंजिन ओळखता यायचं. कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने येतं. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हे जवळपास दोनशेपट आहे. एकाच फेऱ्यात किती वेळा, कधी आणि किती डिझेल फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे डिझेल पूर्ण जळतं, ओढ वाढते, आवाज कमी होतो. पण इंजेक्टरची छिद्रं इतकी बारीक असतात की थोडं पाणी किंवा कचरा गेला तरी काम वाढतं. वॉटर सेपरेटरमधलं पाणी न काढणं किंवा शंभर-दोनशे रुपये वाचवायला भलताच फिल्टर टाकणं नव्या गाडीला परवडत नाही.

युरियाची टाकी

ज्याला रस्त्यावर सगळे ‘युरिया’ म्हणतात त्याचं नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, एवढंच त्यात असतं. ते डिझेलमध्ये मिसळत नाही. तापलेल्या धुरात त्याची फवारणी होते, त्याचा अमोनिया बनतो आणि पुढच्या जाळीत हा अमोनिया विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर करतो. या यंत्रणेला एससीआर म्हणतात. शंभर लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर डीईएफ लागतं.

शेतीचं पोतं आणून घरी पाणी बनवण्याचा मोह अनेकांना होतो. शेतीच्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात इतर अशुद्धीही असतात. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात. फवारणीच्या तोंडावर पांढरे खडे जमतात, जाळी निकामी होते, आणि ती जाळी या यंत्रणेतल्या सर्वात महाग वस्तूंपैकी एक आहे. शिवाय शेतकऱ्यासाठी सबसिडीवर आलेला युरिया असा वापरणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

डीईएफ घेताना बंद कॅन घ्यावा, त्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं आहे का आणि तारीख काय आहे ते बघावं. कॅन उन्हात तापू देऊ नये. डिझेलचं नरसाळं त्याला वापरू नये. चुकून डिझेल युरियाच्या टाकीत गेलं, तर गाडी सुरू न करता आधी टाकी रिकामी करून घ्यावी.

एक गोष्ट कित्येक ड्रायव्हरना कुणी सांगितलेलीच नसते. चावी बंद केल्यावर लगेच बॅटरीचा मेन स्विच बंद करू नये. डीईएफचा पंप नळीतलं उरलेलं पाणी मागे ओढून घेतो, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढं थांबलं नाही तर पाणी नळीतच सुकतं, खडे बनतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी दिवा लागतो. मग दोष कंपनीला दिला जातो.

दिवा लागल्यावर ‘चालवू पुढे’ म्हणू नये. आधी सूचना येते, मग ताकद कमी होते, तरीही दुर्लक्ष केलं तर वेग अगदीच मर्यादित होतो. यावर उपाय म्हणून सेन्सरला फसवणारी एक डबी बाजारात मिळते. ती बसवून देणारेही आपल्यातलेच आहेत. मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय गाडीत फेरबदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. प्रदूषणाच्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तो धूर शेवटी आपल्याच वस्त्यांत जातो. ट्रक टर्मिनलच्या शेजारी कोण राहतं, ते वाचकांना सांगायला नको.

काजळीची जाळी

डीपीएफ ही काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन गाडी काजळी जाळून टाकते. हायवेवर लोड घेऊन पळणाऱ्या गाडीत हे बरंचसं आपोआप होतं. गोदी ते गोदाम अशा छोट्या फेऱ्या करणाऱ्या, रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणाऱ्या गाडीत जाळी लवकर भरते आणि गाडी उभी करून बटण दाबून सफाई करावी लागते. त्या वेळी सायलेन्सर प्रचंड तापतो. वाळलेलं गवत, कापसाच्या गाठी, चिंध्यांचा ढीग यांच्याजवळ गाडी कधीच उभी करू नये. सफाई अर्धवट सोडून निघूही नये. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच घ्यावं, कारण साध्या ऑइलची राख जाळीत बसते आणि ती जळून जात नाही.

डिझेल नक्की कुठे वाचतं

हिशेब साधा आहे. महिन्याला ८,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर २,००० लिटर डिझेल लागतं. तीच ४.२ द्यायला लागली तर ९५ लिटर वाचतात. ९० रुपये लिटर धरले तर महिन्याला साडेआठ हजार रुपये. लिटरमागे दोनशे मीटरचाच हा फरक, पण त्यात हप्त्याला चांगला हातभार लागतो.

नव्या गाड्यांत लोडप्रमाणे ताकद निवडायचा स्विच असतो. रिकामी गाडी हेवी मोडवर पळवणारे ड्रायव्हर आम्ही पाहिलेत, कारण तो स्विच कशाचा हे त्यांना माहीतच नव्हतं. मीटरवरच्या हिरव्या पट्ट्यात काटा ठेवून गिअर बदलले तर निम्मं काम होतं. इंजिन उभ्याने चालू ठेवलं तर आकारानुसार तासाला दीड ते तीन लिटर जातं. ट्यूबलेस रेडियल टायर कमी तापतात आणि हलके पळतात, पण हवा बरोबर असेल तरच. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

आता न्यूट्रलबद्दल. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, उस्ताद शागीर्दाला शिकवत आले. कॉमन रेल इंजिनात हे उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर डिझेल पूर्ण बंद करतो आणि चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल पुन्हा सुरू होतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं. वर इंजिन ब्रेकचा आधार जातो, सगळा भार लायनरवर येतो, ते तापतात आणि ब्रेक धरत नाहीत. इंजिनच बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही बंद पडतात. खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक न लागलेल्या ट्रकांच्या बातम्या आपण वाचतो. ब्रेक फेल झाला असं त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याचदा त्याआधी गिअर निघालेला असतो. घाट ज्या गिअरने चढायचा त्याच्या जवळपासच्याच गिअरने उतरायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा. २०१५ पासून अवजड गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. पण ते चाकं जाम होऊ देत नाही, तापलेला ब्रेक थंड करत नाही.

मोबाईलवर दिसणारी गाडी

टाटाचं फ्लीट एज, अशोक लेलँडचं आय-अलर्ट, भारतबेंझचं ट्रककनेक्ट, महिंद्राचं आयमॅक्स अशा सोयी आता गाडीबरोबर येतात. गाडी कुठे आहे एवढंच नाही, तर ती किती वेळ उभ्याने चालली, ब्रेक किती जोरात लागले, डिझेल अचानक उतरलं का, कोणता कोड आला, हे मालकाला घरबसल्या दिसतं. खरा फायदा कोडचा आहे. ताकद कमी होण्याआधी, गाडी भिवंडीतच असताना सूचना दिसली तर ती कसाऱ्यात अडकत नाही. अनेक मालक मात्र पहिल्या वर्षाची वर्गणी संपली की हे बंद करतात.

एक तक्रारही नोंदवायला हवी. काही मालक ही माहिती फक्त ड्रायव्हरचा पगार कापायला वापरतात. मग ड्रायव्हर वायर काढतो, ॲन्टेनावर ओलं फडकं टाकतो. वाचलेल्या डिझेलमधला वाटा ड्रायव्हरला देणाऱ्या मालकांचा अनुभव वेगळा आहे, असं ते स्वतः सांगतात. २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांची केबिन एसी असणं सक्तीचं झालंय. डिझेल जास्त जातं म्हणून तो लावू नका असं सांगणारे मालकही भेटतात. मे महिन्यात नागपूर-अमरावती दुपारी चालवून बघावं.

उस्तादांचं काय

सगळ्यात मोठा प्रश्न गॅरेजवाल्यांचा आहे. तीस वर्षं कानाने इंजिन ओळखणारा माणूस आता स्कॅनरशिवाय अडतो. कंपनीचं सॉफ्टवेअर डीलरकडेच असतं, आणि हायवेवर डीलर पन्नास-शंभर किलोमीटरवर. ग्राहकांना दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. ट्रकच्या बाबतीत स्वतंत्र मिस्त्रीच्या हातात अजून फार काही पडलेलं नाही. संघटनांनी हा विषय लावून धरायला हवा असं आम्हाला वाटतं.

तोवर जे हातात आहे ते करावं. बाजारातला चांगला स्कॅनर दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी चालतो. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा आणि ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावी झालेल्या मुलाला घालता येतो. जो आधीच काम जाणतो त्याला ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ या सरकारी सोयीतून आपल्या अनुभवाचं प्रमाणपत्र मिळवता येतं. बॉडी बांधणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण महत्त्वाची: चेसीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची तार आणि कॉम्प्युटरचे कनेक्टर काढावेत. नाहीतर एका टाक्यात ईसीयू जळतो आणि भांडण उभं राहतं.

एलएनजी आणि इलेक्ट्रिक ट्रकचीही चर्चा आहे. पुण्याजवळ चाकणला ब्लू एनर्जी मोटर्सने २०२२ मध्ये एलएनजी ट्रकचा कारखाना सुरू केला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेत इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख रुपयांची सवलत जाहीर केली. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या ठिकाणी इंधन किंवा चार्जिंग मिळणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हे आज जमतं. मिळेल तो लोड, मिळेल त्या दिशेने नेणाऱ्या एका गाडीच्या मालकाला अजून थांबणं बरं.

त्याच्यापुढचा प्रश्न बहुधा जुन्या बीएस-६ गाडीचा असतो. अशी गाडी घेताना रंग-टायर बघण्याआधी स्कॅनर लावून घ्यावा. चावी फिरवल्यावर सूचनेचे सगळे दिवे एकदा लागून विझतात का ते पाहावं. जो लागतच नाही तो काढलेला असू शकतो. डीईएफच्या टाकीच्या तोंडावर पांढरा थर आहे का, डीपीएफच्या डब्याला नवी वेल्डिंग आहे का ते वाकून बघावं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवल्यावर काळी काजळी लागली, तर आतली जाळी फुटलीय किंवा काढून टाकलीय. सौदा करण्याआधी तिची आजची किंमत विचारून घ्यावी.