पंचायतीचं राज्य

आजोबांचं गाव तलासरीकडचं, उधव्याजवळ. पलीकडे नगरहवेली, म्हणजे फिरंग्यांचा मुलूख. पेशव्यांनी एका जहाजाच्या भरपाईपोटी १७८३ मध्ये ती गावं पोर्तुगीजांना तोडून दिली. दादरा त्यानंतरचं. अशी एकूण ७२ गावं.

आम्हा मुलांना १९५४ ची गोष्ट हवी असायची. भर पावसात आधी दादरा, मग नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आजोबा अभिमानाने घेत. पोर्तुगीजांचा कॅप्टन फिदाल्गो शेवटी उधव्याला शरण आला, हे सांगताना तर त्यांचा आवाजच चढायचा.

मोठेपणी मला ओढ लागली ती पुढच्या सात वर्षांची. तिरंगा फडकला होता, पण मुलूख कायद्याने भारताचा झाला नव्हता. १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं. दावा चालू असताना विलीनीकरण करणं भारताला अवघड होतं. ‘तेव्हा तिथे राज्य कुणाचं होतं?’ असं विचारलं की आजोबा म्हणत, ‘पंचायतीचं.’ ते खरंच होतं. वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून टपालही चाललं.

एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला: भारताच्या हद्दीतून तिथे सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही. वाट मोकळी झाली. पण विलीनीकरणाच्या करारावर पंतप्रधान नेहरूंसमोर त्यांच्या बरोबरीने सही करणार कोण? पंचायतीने त्याचाही विचार केला. भारताने प्रशासक म्हणून दिलेले आयएएस अधिकारी के. जी. बदलानी यांना तिने एका दिवसापुरतं या मुलखाचे पंतप्रधान केलं. ११ ऑगस्ट १९६१ पासून हा मुलूख भारताचा झाला.

‘एका दिवसाचा पंतप्रधान’ म्हणून हा प्रसंग सामान्यज्ञानाच्या पुस्तकात गंमत म्हणून छापतात. तो अन्याय आहे. सही कुणी करायची, कोणत्या अधिकाराने करायची, हे सत्तांतराआधी ठरवणं हे शहाण्या राज्यकर्त्यांचं काम, आणि ते या छोट्या पंचायतीने केलं. गोव्यात डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यावर आधी लष्करी गव्हर्नर आले. लोकनियुक्त मंत्रिमंडळ १९६३ मध्ये.

हवेलीला मात्र तेही मिळालं नाही. विलीनीकरणानंतर वरिष्ठ पंचायतीकडे फक्त सल्ला देण्याचं काम उरलं. सात वर्षं स्वतःचा कारभार चालवलेल्या या प्रदेशाला आजही स्वतःची विधानसभा नाही.